अक्काचा चष्मा मातीत गेला नाही

अक्का, तुझ्या खड्ड्यात तो चष्मा मी टाकू दिला नाही. तुला हे आवडलं असतं की नाही कोण जाणे. पण दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते.

आपल्या लिंगायत रीतीनं तुला बसवून झालं होतं. मांडी घातलेली, डाव्या तळहातावर लिंग, कपाळावर विभूतीचे पट्टे, ओटीत बेलाची पानं. शेतात तुझ्या सासऱ्यांच्या समाधीशेजारी खड्डा काढला होता. दाजींना दोघांनी दोन बाजूंनी धरलं होतं. तेवढ्यात दाजींचे थोरले भाऊ, आपले तात्या, हातात पिशवी घेऊन पुढं आले. पिशवीतून त्यांनी तुझा हेडसेट काढला. तो काळा, डोक्याला बांधायचा, दोन्ही डोळे झाकून माणसाला थेट खेळाच्या आत नेणारा चष्मा. त्याची वायर लोंबत होती.

"हिचा समदा जीव ह्याच्यात व्हता," तात्या म्हणाले. "हिच्यासंगट जाऊ द्या. घरात ठिवून कुणाला कळतंय त्यातलं?"

लोकांनी माना हलवल्या. बायांनी पदर डोळ्यांना लावले. सगळ्यांना ती माया वाटली. मला मात्र त्यांचं शेवटचं वाक्यच तेवढं ऐकू आलं. मी पुढं झाले आणि त्यांच्या हातातून हेडसेट ओढून घेतला.

"सुनंदा, जनाची न्हाय तर मनाची तरी ठिव," तात्या म्हणाले.

"मनाचीच ठिवलीय तात्या, म्हणून वढला."

स्वामींनी मंत्र थांबवला होता. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा वायरीकडं. "खड्ड्यात लिंग, विभूती आन् बेल," ते म्हणाले. "बाकी समदं वर. चला, उरका." तात्या मागं सरले. मी ते वायरीचं भेंडोळं पोटाशी धरून एका हातानं तुझ्यावर माती लोटली. तुझ्या धाकट्या बहिणीनं शेवटची माती डाव्या हातानं लोटली असं आता जळकोटात सांगतात. खरं आहे ते.

आता गल्लीत काय बोलतात तेही ऐक. म्हणतात, ते डोळ्यांना लावून लावून तिच्या डोक्यातली शीर तुटली. समाचाराला आलेली प्रत्येक बाई पाणी पिऊन झालं की आवाज खाली आणते आणि हेच विचारते. "व्हय गं सुनंदा, त्या मशीनीनंच घात केला म्हणं?" पहिल्यांदा मी समजावून सांगितलं, की अक्काला बीपी होतं, डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलंय. नंतर कंटाळले. परवा एकीला म्हटलं, "मावशी, ती सकाळी भाकरी थापताना गेली. मग तव्याला बी फाशी द्या." ती उठून गेली. चहासुद्धा घेतला नाही.

आणि तुझ्यावरही मी चिडलेलीच आहे, हे समजून घे. गोळ्या तू चुकवत होतीस. दाजी सांगतात, मी आले की तू गोळ्यांचं पाकीट डब्यावर ठेवायचीस, आणि माझी एसटी तुळजापूरच्या रस्त्याला लागली की ते पुन्हा कपाटात जायचं. "आंबट-आंबट व्हतंय तोंड," म्हणायचीस. ज्या बाईला ग्राफिक कार्डाच्या ड्रायव्हरचा कुठला आकडा कशाला चालतो ते पाठ होतं, तिला सकाळची एक गोळी पाठ होत नव्हती. याच्यावर तुझं-माझं भांडण अर्धं राहिलंय. पुरं करायला तू थांबली नाहीस. मी माफ केलेलं नाही.

तुझी ही लिनक्सची खोड कुठून लागली ते इथल्या नातेवाइकांना अजून कळलेलं नाही. त्यांना वाटतं तुझ्या विरेशनं शिकवलं असेल, पोरगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे म्हणून. विरेश चड्डीत होता तेव्हा तू नळदुर्गच्या शाळेत कंत्राटावर संगणक शिकवत होतीस. तिथल्या लॅबमध्ये जी यंत्रं आली त्यांच्यात लिनक्स होतं. फुकटची सिस्टीम, जगातल्या कुणीही उघडून पाहावी, हवी तशी बदलावी अशी. बाकीच्या शाळांनी ती पुसून विंडोज टाकून घेतली. तू ती शिकलीस. कंत्राट संपलं, तू जळकोटच्या फाट्यावर घराच्याच पुढच्या खोलीत, दाजींच्या दुकानाशेजारी, ऑनलाइन सेंटर टाकलंस, लोकांचे सातबारे काढलेस, पोरांची हॉलतिकिटं काढलीस, पण सिस्टीम बदलली नाहीस. गिऱ्हाईक म्हणायचं, "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरचं तोंडच येगळं हाय." तू म्हणायचीस, "तोंड येगळं असू द्या, काम झालं का न्हाय?"

हेडसेट तुला सोलापुरात मिळाला. पोरांचं एक गेमिंग सेंटर बंद पडलं होतं, त्यांनी सामान विकायला काढलं होतं. हेडसेट, हातात धरायचे दोन दांडे आणि भिंतीवर समोरासमोर लावायच्या दोन डब्या. त्या डब्या डोळ्यांना न दिसणारा उजेड खोलीभर फिरवतात आणि त्यावरून हेडसेटला कळतं की आपण कुठं आहोत. मी तुझ्यासोबत होते. दुकानातल्या माणसानं विचारलं, "घरी कुठली सिस्टीम आहे ताई?" तू सांगितलंस. तो हसला. वाईट नव्हता तो, पण हसला.

"लिनक्सवर गेमच धड चालत न्हाईत, व्हीआर कुठलं चालतंय? मशीन घेऊन या, मी विंडोजची कॉपी मारून देतो. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की," तू म्हणालीस.

रस्त्यानं परत येताना मी तुला म्हटलं, कशाला उगाच हट्ट? तुला खेळायचंय ना, मग कशावरही खेळ. तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. म्हणालीस, "चोरीची किल्ली वापरून आपल्याच घरात शिरायचं? त्यापेक्षा दारच उघडं असलेल्या घरात ऱ्हाईन म्या." ते बोलणं तेव्हा मला नाटकी वाटलं होतं. आजही थोडं वाटतं. पण तू ते करून दाखवलंस.

सोपं नव्हतंच ते. पहिल्यांदा जोडलं तेव्हा संगणकाला वाटलं की हा दुसरा टीव्हीच आहे. तू मोठ्या हौसेनं हेडसेट घातलास आणि डोळ्यांसमोर तुझ्याच सेंटरचा डेस्कटॉप पसरला. हातभर मोठी कचऱ्याची टोपली आणि दाराएवढं घड्याळ. "अगं, म्या माझ्याच कामात अडकले," म्हणून तू अशी हसलीस की दाजी दुकानातून बघायला आले. मग कुठंतरी परदेशात बसलेल्या माणसांनी लिहून ठेवलेलं वाचत बसायचीस. कुणी मोफत वाटलेला प्रोग्राम उतरवून घ्यायचीस, कुणाला तुझ्या मोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारायचीस. मांडणीतली स्टीलची भांडी चकाकतात, त्यांच्यावरून तो उजेड उलटतो आणि हात भलतीकडंच दिसतात, हे कळल्यावर तू सगळ्या मांडणीला गोधडी पांघरलीस. दाजींनी पंधरवडाभर गोधडीखाली हात घालून तांब्या काढला.

आणि ती कपाटातल्या आवाजाची गंमत. ती आठवली की मला रडता रडता हसू फुटतं आणि समाचाराला आलेले लोक माझ्याकडं बघत राहतात.

तोवर तुझा स्वतःचा खो-खोचा खेळ थोडाफार उभा राहिला होता, त्याचं पुढं सांगते. हेडसेट काढून ठेवला की खेळ आपोआप थांबायला पाहिजे. पण तो थांबेना. तू कपाटात ठेवून स्वयंपाकाला जायचीस आणि बंद कपाटातून "खो! खो!" असा आवाज यायचा. दाजी तसे देवभोळे. त्यांनी कपाटाला उदबत्ती ओवाळली. सोलापूरच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, सांगितलं होतं ना ताई, लिनक्स आहे ते. तू आठवडाभर प्रोग्राम उलटासुलटा केलास. एक सिस्टीम काढून दुसरी टाकलीस, दुसरी काढून पहिली. रडकुंडीला आलीस. मी तुला सरळ सांगितलं, दे सोडून. तू माझ्याशी दोन दिवस बोलली नाहीस.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. हेडसेटच्या आत, दोन भिंगांच्या मधे, एक बारीक डोळा असतो. समोर कपाळ आलं की त्याला कळतं, कुणीतरी घातलंय. तू रोज पूजा करून, विभूतीचे पट्टे ओढून खेळायला बसायचीस. घाम आला की ती विभूती त्या डोळ्यावर झडायची. झडून झडून पांढरा थर झाला होता, आणि त्या बिचाऱ्याला कायम समोर कपाळच दिसत होतं. कापसाच्या बोळ्यानं एकदा पुसलं आणि कपाट गप्प झालं.

तू ते सगळं त्या परदेशातल्या माणसांना लिहून कळवलंस, कारण तुझ्या मते दुसऱ्या कुणाला पुन्हा हाच त्रास व्हायला नको होता. एकानं उलट विचारलं, राख कुठून आली, तुमच्या घराजवळ ज्वालामुखी आहे का? तू दाजींना वाचून दाखवलंस. दाजी म्हणाले, "हाय म्हणावं, सैपाकघरात." विभूती तू सोडली नाहीस. जुन्या धोतराची पट्टी कपाळाला बांधून खेळायला लागलीस.

आता खेळाबद्दल. इथंच तुझं-माझं खरं भांडण आहे.

तुला ठाऊक आहे मी तुझ्यापेक्षा चांगली खेळायचे. तुलाही मान्य होतं ते. धाराशिवच्या मैदानावर मी खांबावर सूर मारला की लोक उभे राहायचे. पण मला खो-खो शिकवला तू. उन्हाळ्यात आप्पा बाजाराला गेले की आपण अंगणात उसाची दोन टिपरं रोवायचो आणि तू मला पळवायचीस. मग तुझं लग्न ठरलं. सासूबाई म्हणाल्या, लेकीसुना मैदानात पळतात का, आणि तू बूट काढून ठेवलेस. एकदाही कुरकुर केली नाहीस. मला वाटायचं तू विसरलीस. पुढं एका सामन्यात माझा डावा गुडघा गेला. सूर मारला तो चुकीचा पडला, आत काहीतरी तुटल्याचं मला ऐकू आलं. खेळ संपला. शिट्टी गळ्यात आली. तुळजापूरच्या शाळेत पोरींना पळवते आणि स्वतः कडेला उभी राहते, हे माझं काम झालं.

तर तू विसरली नव्हतीस. एवढी वर्षं सातबारे काढता काढता मनात मैदान आखत होतीस. हेडसेट चालायला लागल्यावर दुसऱ्यांचे खेळ तू थोडेच दिवस खेळलीस. डोंगर चढण्याचा खेळलीस, बाण मारण्याचा खेळलीस, आणि मग म्हणालीस, "आपला का न्हाय?" त्या मोफत सिस्टीमवर, मोफत साधनांनी तू खो-खो करायला घेतलास. दोन खांब केलेस, पाट्या आखल्यास, ओळीत बसायला आणि पुढं पळायला बाहुल्या केल्यास. बाहुल्यांना चेहरे काढता येईनात म्हणून सगळ्यांना नुसत्या वेण्या घातल्यास. पळायला खोलीत जागा नाही, तर दोन्ही हात जोरानं हलवले की पाय पळतात अशी युक्ती केलीस. मला सारखे फोन यायचे. पाठलाग करणारीनं खांदे किती वळवले की फाउल? खो देताना हात कुठं लागला पाहिजे? मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून तुला हातवारे करून सांगायचे, आणि फोनवर हातवारे दिसत नाहीत हे पोरी मला हसून सांगायच्या.

खेळ असा होता की आपण ओळीत उकिडवं बसायचं. मागून खो मिळाला की उठायचं आणि पळायचं. हेडसेट डोक्यावर असतो, त्यामुळं डोकं किती वर गेलं ते त्याला कळतं. तू एक आकडा ठरवला होतास. डोकं तेवढं वर गेलं तरच माणूस उठला असं धरायचं. पुरतं उभं राहिल्याशिवाय खो मिळायचा नाही.

मला उकिडवं बसता येत नाही, अक्का. बसले तर उठता येत नाही. तू हे माझ्या डॉक्टरापेक्षा जास्त ओळखत होतीस.

"खुर्चीवर बसून खेळता येईल असं कर," मी म्हटलं. "वाकून बसायचं, खो मिळाला की ताठ व्हायचं. तेवढं धर."

"मग तो खो-खो न्हाय."

"माती न्हाय, गडी न्हाईत, खांबातून हात आरपार जातोय. ते समदं चालतंय तुला. आन् माझी खुर्ची चालत न्हाय?"

"माती माझ्या हातात न्हाय. नियम माझ्या हातात हाय. साकु आता," तू म्हणालीस. साकु म्हणजे पुरे. आईसारखं कानडीत गेलीस की तुझं बोलणं संपलं असं समजायचं.

मी म्हटलं, तू खेळ बनवतीयस तो धडधाकट माणसांचा. धडधाकट माणसांना बाहेर मैदान पडलंय. खोलीतला खेळ कुणाला पाहिजे? शेजारच्या शरणव्वाला पाहिजे, तिच्या खुब्यात सळई आहे. मला पाहिजे. तू म्हणालीस, शरणव्वा बघायला येते, तिला बघण्यात आनंद आहे. मी म्हटलं, बघण्यात कुणालाच आनंद नसतो, मी रोज बघते म्हणून तुला सांगते. तू उठलीस. चहा टाकायला आत गेलीस. तुझा खेळ मी त्या दिवशीही खेळले नाही आणि नंतरही कधी खेळले नाही. तू बोलवायचीस, मी शिट्टी दाखवायचे. त्या वादात मी बरोबर होते. तू गेलीस म्हणून तू बरोबर ठरत नाहीस.

समाचाराला आपले जुने सर आले होते. दोघींना ज्यांनी मैदान दाखवलं तेच. थकलेत आता. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सुनंदा, अक्कानं तुला खो दिलाय असं समज. आता तू पळायचं." सगळ्यांचे डोळे भरून आले. मी मान हलवली, कारण ते सर आहेत. पण तुला सांगते, मला ते बिलकूल पटलं नाही. खो देणारी मागून येते. पाठीला हात लावते. तोंडानं मोठ्यानं खो म्हणते. तू यातलं काय केलंस? सांगितलं नाहीस, हात लावला नाहीस. भाकरी तव्यावर तशीच ठेवून गेलीस. नियमांचा एवढा पुळका होता ना तुला? मग हा फाउल आहे. शिट्टी मारते मी.

तुझ्या नावानं शिवगणाराधनेचं जेवण झालं, पाहुणे गेले. विरेशनं तुझ्या सेंटरमधलं सामान आवरायला काढलं. पोरगा चांगला आहे, रडूनही झालं होतं त्याचं. संगणकासमोर बसला आणि म्हणाला, "मावशी, हे फॉरमॅट करतो आणि विंडोज टाकतो. पप्पांना दुकानाला होईल. हेडसेट ओएलएक्सला—" माझा चेहरा बघून तो तिथंच थांबला.

"हात लावून बघ," मी म्हटलं.

"अगं पण हे आता चालवणार कोण? तुला येतं का?"

"न्हाय येत."

"मग?"

"मग काय? तुझ्या आईला तरी पोटातून येत होतं का?"

तो समजुतीच्या सुरात बोलायला लागला. मावशी, मम्मीचा खेळ नेटवर आहे, सगळ्यांसाठी उघडा ठेवलाय तिनं, इथून पुसला तरी कुठं जात नाही. मी म्हटलं, कुठं जात नाही तर पुसायची घाई कशाला? खड्ड्यात टाकायला तात्या निघाले, फॉरमॅट करायला तू निघालास. एका बाईनं उभं केलेलं सगळं घाईघाईनं आवरून टाकायचं, आणि वर म्हणायचं की तिचा यात जीव होता. मी बरंच बोलले. दाजी दारात उभे होते. ते आत आले, तुझी मागं सरकलेली खुर्ची ओढून संगणकासमोर ठेवली आणि मला म्हणाले, "बस." तुझ्या जाण्यानंतर दाजी पहिल्यांदा कुणाला काही करायला सांगत होते. विरेशनं माउस माझ्याकडं सरकवला.

त्याला म्हटलं, फक्त एक दाखव, उठण्याचा आकडा कुठं आहे ते. त्यानं शोधून दिला. आणि अक्का, तू तिथंही होतीसच. प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्यावर तू मराठीत टीप लिहून ठेवली आहेस. इथं खांब. इथं हूल. आणि त्या आकड्याच्या वर: "हा आकडा हलवायचा नाही." कुणासाठी लिहिलंस ते मला कळलं. विरेशलाही कळलं. तो हळूच म्हणाला, "मावशी, असू दे मग?"

पाटावर बसवलेली तू मला आठवलीस. खड्ड्यात मांडी घातलेली तू, चार माणसांनी आत उतरवलेली. तूही शेवटी उठली नाहीस. मला रडू आलं, आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी तो आकडा खोडला आणि त्याच्या पाव हिश्शाचा आकडा घातला. दोनदा चुकला, खेळ सुरूच होईना. विरेशनं सांगितलं कुठं टिंब राहिलंय. तिसऱ्यांदा झाला.

शरणव्वाला मीच हाताला धरून आणलं. दुःखाच्या घरात खेळ म्हणून तात्यांनी ओटीवरून खाकरून दाखवलं. खाकरू दे. तिच्या कपाळाला तुझी ती धोतराची पट्टी बांधली, हेडसेट घातला, लोखंडी खुर्चीवर वाकून बसवलं. म्हातारी म्हणाली, "अय्यो, ह्या पोरींना तोंडंच न्हाईत की!" मग तिला खो मिळाला. ती ताठ झाली. खेळानं तिला उठली असं धरलं, आणि शरणव्वा दोन्ही हात हलवत जी सुटली ती खांबाला वळसा घालून एका बाहुलीला बाद करूनच थांबली. हातातला दांडा तिनं दाजींच्या छातीत मारला. "कुठं पळती!" म्हणून ओरडली तेव्हा रस्त्यावरची माणसं आत डोकावली. नंतर मी खेळले. इतक्या वर्षांनी मी कुणाच्या तरी मागं पळाले. कसं वाटलं ते तुला सांगणार नाही. तू हयात असताना खुर्चीला हो म्हणाली असतीस तर समोर बसून पाहिलं असतंस.

आता हेडसेट तुझ्याच खोलीत राहील, तुझ्याच सिस्टीमवर. मी दर रविवारी येते. शरणव्वानं तिची जाऊ आणि आणखी दोघी तयार केल्यात. मला लिनक्समधलं काही येत नाही, ते शिकते आहे. परवा काहीतरी बिघडलं आणि मी परदेशातल्या त्या माणसांना विचारलं, तुझ्याहून वाईट इंग्रजीत. तू गेल्याचंही सांगितलं. त्यातल्या एकानं मदत केली आणि खाली लिहिलं, की तिनं आम्हाला राखेबद्दल शिकवलं होतं.

तुझा खेळ नेटवर उघडा आहे, त्यात बदल केला तर तो तिथं पाठवता येतो, म्हणजे जगात जिथं कुठं तो उतरवला जाईल तिथं खुर्चीवरची माणसंही खेळू शकतील. विरेशनं पुण्याहून फोनवर सांगत सांगत माझ्याकडून ते करून घेतलं. शेवटी एक चौकट आली. काय बदललंत आणि का, ते लिहा. विरेश म्हणाला, मावशी, इंग्रजीत दोन शब्द टाक, पुरेसं आहे. मी मराठीत लिहिलं. उठता येत नाही त्यांनाही खो मिळावा म्हणून उंची कमी केली. अक्काला हे मान्य नव्हतं. मला आहे.

खाली माझं नाव टाकलं आणि पाठवून दिलं. मान्य नसेल तर ये, अक्का, आणि भांड माझ्याशी.